आपला लोकसभा मतदारसंघ: हद्द कशी शोधायची, इतिहास कसा लावायचा (मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी)

कासारशिरसी हे गाव निलंगा तालुक्यात, जिल्हा लातूर. पण तिथला मतदार आमदार निवडतो तो औसा विधानसभेचा आणि खासदार उस्मानाबाद लोकसभेचा. म्हणजे सातबाऱ्यासाठी निलंगा, कलेक्टर कचेरीसाठी लातूर आणि खासदाराला निवेदन द्यायचं तर धाराशिव. गावातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. गोंधळ उडतो तो बाहेरून माहिती जमवणाऱ्याचा. दिवाळी अंकासाठी लेख लिहिणारा, एम.ए.चा प्रबंध करणारा, नुकताच तालुका वार्ताहर झालेला पोरगा, गावाचा इतिहास लिहायला बसलेले निवृत्त गुरुजी, सगळे इथेच अडकतात. कारण जिल्हा म्हणजेच मतदारसंघ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

उस्मानाबाद मतदारसंघाचा इतिहास लावताना मला ज्या कागदांतून जावं लागलं, त्यांचा क्रम खाली देतो. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव आहे. तरी मतदारसंघाला मी उस्मानाबादच का म्हणतोय, ते तिसऱ्या पायरीवर कळेल.

आधी हे गोळा करा

- तुमच्या गावाच्या मतदार यादीचं पहिलं पान (मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते)
- मतदारसंघ पुनर्रचनेचा २००८ चा आदेश, महाराष्ट्राचं परिशिष्ट
- १९७६ चा जुना आदेश. हा नेटवर नीट वाचता येईल असा मिळणं कठीण. मोठ्या सरकारी ग्रंथालयात राजपत्राच्या जुन्या फायली विचारा
- निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल, १९५१-५२ पासूनचे
- २००१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, गावांच्या यादीसह
- जिल्हा गॅझेटिअर
- तालुक्याचा नकाशा, ज्यावर महसूल मंडळं (तालुक्यातल्या गावांचे महसुली गट) दाखवलेली असतील असा
- एक जाड वही. प्रत्येक नोंदीपुढे साल लिहायचं आहे, सुटे कागद हरवतात

१. मतदार यादीचं पहिलं पान वाचा

नावांवर उडी मारू नका. पहिल्या पानावर विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, नाव आणि तो राखीव आहे की सर्वसाधारण ते असतं. त्याखाली तो विधानसभा मतदारसंघ ज्या लोकसभेत येतो तिचा क्रमांक आणि नाव. पुढे यादी भागात कोणती गावं, वस्त्या, तांडे येतात ते, आणि गाव, तालुका, जिल्हा, पोलीस ठाणे. कासारशिरसीच्या बाबतीत या एकाच पानावर निलंगा, लातूर, २३९ औसा आणि ४० उस्मानाबाद अशी चारही नावं येतात. एका गावाला चार हद्दी कशा लागतात हे समजावायला याहून चांगला कागद मला सापडलेला नाही.

बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) सहसा गावातली अंगणवाडी ताई किंवा शाळेतले गुरुजी असतात. कोणती वस्ती कोणत्या केंद्रावर मतदान करते हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून खात्री करून घ्या, विशेषतः तांडे आणि पुनर्वसित गावठाणांची.

२. सहाचा हिशेब मांडा

हा भाग सावकाश वाचा, सगळी गंमत इथे आहे.

महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका लोकसभेत बरोबर सहा विधानसभा. लोकसभा मतदारसंघ हा अख्ख्या विधानसभा मतदारसंघांचाच बनतो, अर्धी विधानसभा इकडे नि अर्धी तिकडे असं होत नाही. विधानसभा मतदारसंघ सहसा जिल्ह्याची वेस ओलांडत नाही. लोकसभेचा मात्र खुशाल ओलांडतो.

आता मराठवाड्याचे आठ जिल्हे घ्या. छत्रपती संभाजीनगर ९ आमदार, नांदेड ९, बीड ६, लातूर ६, जालना ५, परभणी ४, धाराशिव ४, हिंगोली ३. बेरीज ४६. लोकसभेच्या जागा ८, म्हणजे लागणार ४८. दोन कमी पडतात. ते दोन बाहेरून आणले आहेत: विदर्भातून यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड आणि सोलापूर जिल्ह्यातला बार्शी.

उरलेली देवाणघेवाण आपसात झाली आहे.

- उस्मानाबाद (४०): उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा हे जिल्ह्यातले चार, लातूरचा औसा आणि सोलापूरचा बार्शी
- लातूर (४१): लातूर शहर, लातूर ग्रामीण, अहमदपूर, उदगीर, निलंगा; औसा गेला त्याच्या जागी नांदेडचा लोहा
- नांदेड (१६): भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड
- हिंगोली (१५): हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेडचे किनवट आणि हदगाव, यवतमाळचा उमरखेड
- परभणी (१७): परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, जालन्याचे परतूर आणि घनसावंगी
- जालना (१८): जालना, बदनापूर, भोकरदन, संभाजीनगरचे सिल्लोड, फुलंब्री, पैठण
- औरंगाबाद (१९): औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व, कन्नड, गंगापूर, वैजापूर
- बीड (३९): बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, केज, परळी

बीडकडे बघा. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ तंतोतंत जुळतात असा मराठवाड्यात हा एकच. म्हणून बीडच्या पत्रकाराला हा लेख फारसा लागणार नाही. पैठणच्या पत्रकाराला मात्र रोज लागेल: घर संभाजीनगर जिल्ह्यात, खासदार जालन्याचा.

क्रमांकांचंही लक्षात घ्या. मराठवाड्यातले पाच मतदारसंघ १५ ते १९ आणि तीन ३९ ते ४१. मोजणी नंदुरबारपासून सुरू होऊन विदर्भातून मराठवाड्यात येते, मग नाशिक, मुंबई, पुणे, नगर करून बीडला परत येते. हे क्रमांक २००८ नंतरचे आहेत. जुन्या अहवालातला क्रमांक आजच्या क्रमांकाशी जुळवायला जाऊ नका, तेव्हाची मोजणी कोकणातून, राजापूरपासून सुरू व्हायची.

३. २००८ चा आदेश उघडा

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून ही रचना केली. १९ फेब्रुवारी २००८ पासून ती लागू झाली आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका तिच्यावर झाल्या. आदेशात विधानसभा मतदारसंघांची व्याप्ती वेगळी आणि लोकसभेची वेगळी दिलेली असते. लोकसभेच्या तक्त्यात फक्त सहा नावं सापडतील. गावं शोधायची तर विधानसभेच्या तक्त्यात जावं लागतं.

तिथली भाषा कोरडी पण नेमकी असते. औश्यापुढे औसा तालुका पूर्ण, आणि निलंगा तालुक्यातली कासारशिरसी, मदनसुरी व कासार बालकुंदा ही महसूल मंडळं. इतकंच. पण या एका ओळीत निलंग्याचा तालुका कुठे फुटला ते कळतं.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, महसूल मंडळं. आदेशातली मंडळं म्हणजे आयोगाने प्रशासकीय हद्दी गोठवल्या त्या वेळची मंडळं. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत नवी मंडळं निघाली, तलाठ्यांचे सज्जे फुटले, नगरपंचायती आल्या. मतदारसंघ मात्र जागचा हलला नाही. आजची मंडळांची यादी घेऊन जुना आदेश वाचलात तर गावं चुकणारच. म्हणून २००१ ची जनगणना पुस्तिका शेजारी ठेवायची.

दोन, गावांची नावं. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव, पिंपरी अशी गावं दर तालुक्यात आहेत. नावावर विसंबू नका, जनगणनेचा गाव क्रमांक लिहून ठेवा. २००१ आणि २०११ चे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा कोणता लिहिला तेही नोंदवा.

तीन, नामांतर. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं ते शहर, तालुका, जिल्ह्यापुरतं. मतदारसंघाचं नाव पुनर्रचनेच्या आदेशात असतं आणि २०२४ ची लोकसभा औरंगाबाद आणि उस्मानाबाद याच नावांनी झाली. लेखात तुम्हाला जे नाव वापरायचं ते वापरा, पण सरकारी कागदात शोधताना जुनंच नाव टाका. त्यातही इंग्रजीतून आलेली जुनी रूपं असतात: बीड हे भीर, उमरगा हे ओमेर्गा. एका रूपाने सापडलं नाही म्हणजे नोंदच नाही असं समजू नका.

४. मागे जायचं ते टप्प्याटप्प्याने

हद्दी दर निवडणुकीला बदलत नाहीत. नवी रचना आली ती १९५२, १९५७, १९६२, १९६७, १९७७ आणि २००९ च्या लोकसभेला. मधल्या निवडणुका आधीच्याच हद्दींवर. वहीत हे सहा रकाने पाडा आणि गावाची नोंद प्रत्येकात वेगळी करा. मी तर म्हणेन, “हा मतदारसंघ १९५२ पासून आहे” हे वाक्य लिहूच नका. १९५२ पासून आहे ते नाव.

१९५२. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. खासदारांची नावं महाराष्ट्राच्या किंवा मुंबई राज्याच्या यादीत शोधत बसाल तर सापडणार नाहीत. त्या वेळी अंबड नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. नांदेडमधून एका वेळी दोन खासदार निवडले जात, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी. ही दुहेरी मतदारसंघांची पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. एका सालापुढे दोन नावं दिसली की छपाईची चूक समजून एक खोडू नका.

१९५७. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जिल्हेही बदलले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तोवर बीदर जिल्ह्यात होते, ते उस्मानाबादला जोडले. किनवट आदिलाबादचं होतं, ते नांदेडला आलं. त्यामुळे उदगीरच्या माणसाला १९५२ ची नोंद हवी तर बीदरचे कागद पाहावे लागतात. या काळातलं मोठं नाव स्वामी रामानंद तीर्थ. १९५२ ला ते गुलबर्ग्यातून निवडून आले, १९५७ ला औरंगाबादेतून.

१९६२ आणि १९६७. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला राज्यात लोकसभेच्या ४४ जागा, १९६७ ला ४५.

१९७७. जागा ४८ झाल्या आणि तिथेच थांबल्या. हिंगोली मतदारसंघ या वेळी आला. ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली, म्हणून ही रचना थेट २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालली. तीस वर्षं टिकल्यामुळे लोकांच्या बोलण्यात अजून तीच आहे. कळंब, हेर, रेणापूर, चौसाळा, अंबड, कंधार, बिलोली, मुदखेड ही विधानसभा मतदारसंघांची नावं २००८ ला गेली, पण पारावर बसलेला जुना कार्यकर्ता “रेणापूरला मुंडे साहेब उभे होते तेव्हा” असंच सांगणार. त्याचं बरोबरच आहे. तुम्ही फक्त साल विचारून घ्या.

२००९. दुसऱ्या पायरीतला हिशेब. या वेळी जागा वाढवल्या नाहीत. ८४ व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या जनगणनेवर ढकललं. लोकसंख्येचा आधार ८७ व्या दुरुस्तीने २००१ चा धरला आणि फक्त हद्दी बदलल्या.

उस्मानाबादचा अभ्यास करणाऱ्यांसाठी एक पुरवणी. बार्शी आज याच मतदारसंघात आहे, पण १९४७ पर्यंत बार्शी ब्रिटिश मुलखात आणि परंडा, कळंब, तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांचं नाव निघतं, त्यात बार्शीचा भाग येतो. आज त्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे मतदार एका खासदाराला मत देतात. गॅझेटिअर वाचताना सोलापूर आणि उस्मानाबाद असे दोन्ही खंड लागतात ते यामुळे.

५. जिल्ह्याच्या तारखा वेगळ्या पानावर

जालना जिल्हा १ मे १९८१, लातूर ऑगस्ट १९८२, हिंगोली १ मे १९९९. पण लातूर लोकसभा मतदारसंघ १९६२ पासून दिसतो, जालना १९५७ पासून, हिंगोली १९७७ पासून. तिन्ही ठिकाणी मतदारसंघ थोरला आणि जिल्हा धाकटा. “जिल्हा झाल्यावर मतदारसंघ मिळाला” असं भाषणात कितीदा ऐकलंय. तारखा लावून पाहिल्या की ते टिकत नाही.

६. खासदारांची यादी आणि आरक्षण

नावं सांख्यिकी अहवालातून घ्या, लोकसभेच्या सदस्य परिचयाशी ताडून पाहा. पोटनिवडणुका मुख्य अहवालात नसतात, त्या स्वतंत्र शोधाव्या लागतात.

लातूर-उस्मानाबादच्या यादीत एक हमखास घोळ. १९६२, १९६७, १९७१ या तीन निवडणुकांत लातूरचे खासदार तुळशीराम कांबळे आणि उस्मानाबादचे तुळशीराम पाटील. नाव एक, मतदारसंघ शेजारी, सालंही तीच. आडनाव गाळून टिपण केलंत तर दोघांचा एक माणूस होतो.

आरक्षणाचा रकाना वेगळा ठेवा, कारण तो बदलला की अख्खं राजकारण बदलतं. १९७७ पासून २००४ पर्यंत उस्मानाबाद अनुसूचित जातींसाठी राखीव होता. अरविंद कांबळे, शिवाजी कांबळे, कल्पना नरहिरे ही नावं त्या काळातली. शेजारचा लातूर तेव्हा खुला: १९७७ ला उद्धवराव पाटील, मग १९८० पासून सलग सात वेळा शिवराज पाटील चाकूरकर आणि २००४ ला रूपाताई पाटील निलंगेकर. २००८ च्या आदेशाने पारडं फिरलं. लातूर राखीव झाला, उस्मानाबाद खुला. २००९ ला उस्मानाबादेतून पद्मसिंह पाटील आणि लातूरमधून जयवंत आवळे निवडून आले. पक्ष आणि लाट यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, पण कोणाला उभं राहता येईल हे आधी या एका रकान्यात ठरलेलं असतं.

७. कचेरीत जायचं तर कोणत्या

उस्मानाबाद लोकसभेचं काम धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. पण औश्याचे विधानसभेचे कागद लातूर जिल्ह्यात आणि बार्शीचे सोलापूर जिल्ह्यात असतात. हिंगोलीवाल्याला उमरखेडसाठी यवतमाळ गाठावं लागतं. आधी फोन करून निवडणूक शाखेत विचारा, मग एसटीत बसा.

मतदान केंद्रनिहाय मतं हवी असतील तर “नमुना २०” मागा. नुसतं “निकाल द्या” म्हटलं तर एका पानाचा गोषवारा हातात पडतो.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. “मतदारसंघाचा संपूर्ण इतिहास मिळावा” असं लिहू नका, “माहिती उपलब्ध नाही” असं एका ओळीचं उत्तर येईल. अमुक विधानसभा मतदारसंघ, अमुक साल, मतदान केंद्रांची यादी, असं नेमकं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर योग्य ठिकाणी पाच दिवसांत वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, “आमच्याकडे नाही” म्हणून परत पाठवला तर हे कलम ६(३) नम्रपणे दाखवा.

८. नकाशा शेवटी

बहुतेक जण नकाशापासून सुरुवात करतात. माझं मत उलट आहे. आधी गावांची यादी पूर्ण करा, मगच रेघ ओढा. तालुक्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून मंडळनिहाय गावं रंगवली तरी काम भागतं. संगणकावर करणार असाल तर फुकटचे नकाशे तपासून घ्या. पुष्कळ ठिकाणी जिल्ह्याची हद्दच मतदारसंघ म्हणून रंगवलेली असते. ओळखायची सोपी खूण: उस्मानाबादच्या नकाशात बार्शी नसेल किंवा जालन्याच्या नकाशात पैठण नसेल, तर तो नकाशा बाजूला ठेवा. आणि खाली साल घाला.

जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण, नगरपालिकेचे प्रभाग यांच्या रेघा यात मिसळू नका. ते काम पुनर्रचना आयोगाचं नाही आणि त्या हद्दी वेगळ्या वेळी, वेगळ्या हिशेबाने बदलतात. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघही वेगळे, ते अख्ख्या विभागाचे असतात.

९. पुढच्या पुनर्रचनेसाठी फाईल तयार ठेवा

पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. अंतिम आदेश निघाल्यावर त्यात फेरफार होणं जवळपास अशक्य. गावाला काही म्हणायचं असेल तर ते मसुद्याच्या वेळीच.

सुनावणीत “आमच्यावर अन्याय झाला” एवढ्याने भागत नाही. मंडळाचं नाव, त्यातली गावं जनगणना क्रमांकासह, लोकसंख्या, तहसीलचं अंतर, बाजारचं गाव कोणतं, मधे नदी असेल तर पूल कुठे आहे, आणि आधीच्या रचनांत हे मंडळ कुठे होतं त्याचा तक्ता. दोन पानांत बसतं. ग्रामसभेचा ठराव जोडा. एका मंडळातल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे ठराव एकाच मजकुराचे असले तर उत्तम, पण प्रत्येकावर त्या त्या ग्रामसभेची तारीख आणि ठराव क्रमांक स्वतंत्र हवा. झेरॉक्स काढून फक्त गावाचं नाव बदललेले ठराव सुनावणीत बाजूला पडतात.